अक्काला घरी आणायचंय, पण सुरुवात कुठून करू?

गेल्या अंकात मी मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 मधल्या कलम 19बद्दल लिहिलं होतं. राहायला घर नाही, घरचे नेत नाहीत किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणासाठी कुणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही, असं ते कलम सांगतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्या पत्रांनाच दिलं आहे. सरकारी मनोरुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून माझी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतरही मी हेच काम करते आहे. पत्र लिहिणाऱ्यांची नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

माझी थोरली बहीण 17 वर्षांपासून सरकारी मनोरुग्णालयात आहे. स्किझोफ्रेनिया सांगितला होता. आता तिचं वय 54 आहे. वडील होते तोवर ते जाऊन यायचे, ते गेल्यावर आमचं जाणं कमी झालं. परवा तिथल्या बाईंचा फोन आला की अक्का बरी आहे, घरी न्यायला हरकत नाही. घरात मी, बायको, कॉलेजला जाणारी मुलगी आणि दहावीतला मुलगा. द्राक्षबाग आहे. बायको नाही म्हणत नाही, पण घाबरली आहे. मुलीचं स्थळही बघायचं आहे. मला अक्काला आणायचंय. सरळ गाडी करून घेऊन येऊ का?
– एक वाचक, तासगाव तालुका

लगेच गाडी करू नका. पण आणायचंय असं तुम्ही लिहिलंत, ते वाचून फार बरं वाटलं.

तुमच्या पत्रात तुम्ही आहात, वहिनी आहेत, मुलं आहेत, फोन करणाऱ्या बाई आहेत. अक्का काय म्हणते ते कुठेच नाही. तेव्हा आधी जाऊन तिला भेटा. पहिल्याच भेटीत ‘चल घरी’ म्हणू नका. तास-दोन तास बसा. घरचे फोटो न्या. कुणाचं लग्न झालं, कोण वारलं, कोणती बाग काढली, कुठे बोअर मारली, सगळं सांगा. आणि वडील गेल्याचं तिला कुणी सांगितलंय का, हे आधी विचारून घ्या. ‘तिला सोसायचं नाही’ म्हणून बऱ्याच घरांत हे लपवलेलं असतं. मग बाई उंबरा ओलांडून आत येते आणि भिंतीवर हार घातलेला फोटो बघते. असं होऊ देऊ नका. ही बातमी तिला तिथेच, ओळखीच्या सिस्टर जवळ असताना सांगा. ती रडेल. रडू द्या. त्याला आजार उलटला असं समजू नका.

ती ‘मी नाही येत’ असंही म्हणेल. 17 वर्षं ज्या वॉर्डात काढली, तिथे तिच्या मैत्रिणी आहेत, तिची खाट आहे, जेवणाची वेळ ठरलेली आहे. तुमच्या घरातली दोन मुलं तर तिनं नीट पाहिलेलीही नाहीत. अशा नकाराला आम्ही कधी शेवटचं उत्तर मानलं नाही, आणि दुर्लक्षही केलं नाही. का नको, ते शांतपणे विचारायचं. एका बाईनं मला सांगितलं होतं, ‘परत आजारी पडले तर मला इथं पुन्हा घेणार का?’ तिला घर हवंच होतं, परतीची वाट बंद होईल याची भीती होती. तिच्या फाइलवर तसं लिहून घेतलं, तिला वाचून दाखवलं, तेव्हा ती तयार झाली.

त्यानंतर रजा मागा. दाखल व्यक्तीला काही दिवसांसाठी रजेवर घरी पाठवण्याची सोय कायद्यात आहे. दोन-चार दिवस, मग आठवडा, मग थोडे जास्त, असं करत जा. दिवस निवडताना दिवाळी, जत्रा, लग्नसराई टाळा. ऑक्टोबर छाटणी चालू असताना किंवा माल निघायच्या दिवसांतही नको, तेव्हा तुमच्या घरात कुणाला श्वास घ्यायला वेळ नसतो. साधे दिवस निवडा. रजेवरून परतल्यावर अक्काला आणि वहिनींना, दोघींना वेगवेगळं विचारा की काय जड गेलं. कायमची सुट्टी देताना पुढच्या उपचारांचा आराखडा अक्काशी आणि तुमच्याशी बोलून ठरवणं हे रुग्णालयावर बंधनकारक आहे. तो लेखी मागून घ्या.

आता घरात काय दिसेल ते सांगते, म्हणजे तुम्ही दचकणार नाही. ती पहाटे पाचला उठून अंथरूण घडी करून बसेल. पाणी प्यायला, संडासला जायला विचारेल. अंघोळीला जाताना ती कडी लावणार नाही, कारण कडी असलेलं न्हाणीघर तिनं वर्षानुवर्षं पाहिलेलं नाही. ताट चार मिनिटांत संपवेल, एखादी भाकरी उशीखाली ठेवेल. मुलांना सांगून ठेवा की याला हसायचं नाही. या खोडी आजाराच्या नाहीत, संस्थेत राहिल्याच्या आहेत आणि त्या जातात. मात्र ‘अगं, विचारतेस काय, घे की पाणी’ हे महिनोन्महिने न कंटाळता म्हणावं लागतं. तिच्या खोलीला आतून कडी असू द्या. वेगळी खोली नसेल तर एक कपाट तरी तिचं, किल्लीही तिच्याच जवळ. वॉर्डात कपडे सामाईक असतात, आज अंगावर असलेला झगा उद्या दुसरीच्या अंगावर दिसतो. म्हणून साड्या तुम्ही परस्पर आणू नका. तिला तासगावच्या बाजारात न्या, ती निवडेल ती घ्या, भडक वाटली तरी घ्या.

पैशाचंही तसंच. ती आत गेली तेव्हा चार आणे चालत होते, ते 2011 मध्ये बंद झाले. जुन्या पाचशेच्या नोटा 2016 मध्ये गेल्या, आता तर भाजीवालीसमोरही क्यूआर कोड असतो. रोज वीस-तीस रुपये हातात द्या आणि दुकानात एकटीला पाठवा. हिशेब चुकला तर चुकू दे.

कामाबद्दल जरा ठासून बोलते, कारण इथे चांगली घरंही चुकतात. काही घरं बाईला देव्हाऱ्यातल्यासारखी बसवून ठेवतात, काही घरं पहाटेपासून भांडी-धुणं तिच्यावर टाकतात, ‘तिला तेवढंच बरं वाटतं’ म्हणून. दोन्ही नको. घरातला वाटा सगळ्यांइतकाच करू दे. त्यापलीकडे तुमच्याकडे बेदाणा निवडायला बायका जातात ना? तिला हवं असेल तर ओळखीच्या एखाद्या बाईबरोबर अर्धा दिवस जाऊ दे. गोळ्यांमुळे हात संथ चालत असेल, तर मुकादमाशी आधी बोलून ठेवा. मजुरी तिच्या हातात किंवा तिच्या खात्यात जायला हवी. इटलीतल्या त्रिएस्ते शहरात फ्रँको बझालिया नावाच्या डॉक्टरांनी 1971 नंतर तिथलं मोठं मनोरुग्णालय रिकामं करायला घेतलं. तेव्हा सुरुवातीलाच त्यांनी रुग्णांची सहकारी संस्था उभी केली, आणि जी झाडलोट ती माणसं फुकट करत होती तिचं रीतसर वेतन द्यायला लावलं. आपल्या व्यवसायोपचार विभागात पाकिटं चिकटवणाऱ्या, मेणबत्त्या ओतणाऱ्या बायकांच्या हातावर पैसे पडल्यावर त्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. त्रिएस्तेचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

औषधं. सुट्टीच्या वेळी किती दिवसांच्या गोळ्या मिळाल्या ते मोजून घ्या आणि त्या संपायच्या आठवडाभर आधी सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत जा. पहिल्या खेपेला सुट्टीचं कार्ड आणि जुनी फाइल बरोबर न्या. अक्काला गोळी कशासाठी आहे ते सांगा, डबी तिच्या हातात द्या, तुम्ही फक्त लक्ष ठेवा. भाजीत कालवून गोळी देणं हा विश्वासघात आहे, एकदा कळलं की ती तुमच्या हातचं जेवणही बंद करेल. हात थरथरणं, अंग जड होणं, वजन वाढणं, साखर वाढणं हे त्रास या औषधांनी होऊ शकतात. ते डॉक्टरांना सांगायचे, गोळी परस्पर बंद करायची नाही. क्लोझापिन चालू असेल तर ठरलेल्या मुदतीला रक्त तपासावंच लागतं, ते चुकवू नका. आणि झोपेवर लक्ष ठेवा. लागोपाठ दोन-तीन रात्री झोप उडाली तर पुढची तारीख येण्याची वाट न बघता ओपीडी गाठा. अडीअडचणीला टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, रात्रंदिवस, फुकट, मराठीतही बोलतात.

बागेच्या घरात फवारणीची औषधं कुठे असतात ते मला माहीत आहे: ओसरीवर, पंपाशेजारी. ती कुलपात ठेवा. अक्का येणार म्हणून नव्हे. दहावीतला मुलगा आहे घरात, तुम्ही स्वतः आहात. प्रत्येक शेतकरी घरानं हे आजच करायला हवं.

वहिनींच्या भीतीचं काय करायचं? त्यांना तुमच्याबरोबर भेटीला न्या, डॉक्टरांना हवं ते विचारू द्या. आणि कामं आधी वाटून घ्या. ओपीडीला तुम्ही न्यायचं, गोळ्या तुम्ही आणायच्या, कागदपत्रं तुम्ही करायची. बहीण तुमची आहे. रेशनकार्डात नाव घालणं, आधार, बँकेचं खातं, दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड, मग तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. मानसिक आजार हा 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरलेला आहे, 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला मिळाला तर बऱ्याच योजना उघडतात. एकेका कागदाला महिना लागतो असं धरून चला.

राहिलं मुलीचं स्थळ. लपवू नका. आत्या घरात आहे, तिला आजार होता, ती औषध घेते, हे पहिल्या बैठकीलाच सांगा. लपवलेली आत्या लग्नानंतर कळली, तर त्याचा जाब तुमच्या मुलीला द्यावा लागेल. जे एवढ्यावरून उठून जातील, त्यांच्या घरी उद्या तुमची लेक आजारी पडली तर काय होईल याचा विचार करा.

दीर 11 वर्षं मनोरुग्णालयात होते. आता ‘न्या’ असा निरोप आला आहे. आमची वन-रूम-किचन, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मी शाळेत नोकरीला. ह्यांचा भाऊ म्हणून सगळे म्हणतात आणायलाच हवं, पण करायचं मला आहे. मी वाईट आहे का? त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं तर चालेल का?
– एक वाचक, डोंबिवली

तुम्ही वाईट नाही. तुमच्यासारख्या कितीतरी जणी माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसल्या. नवरा दाराबाहेर उभा राहायचा आणि बाईच रडत रडत आत यायची. माणूस घरी पाठवला की काम संपलं असं यंत्रणेला वाटतं, आणि त्या घरात करणारं कोण आहे हे कुणी विचारत नाही. कायदा तुमच्यावर सक्ती करत नाही. दिरांना समाजात राहायचा हक्क आहे, पण तो हक्क तुमच्या स्वयंपाकघरातूनच पुरा व्हायला हवा असं कुठेही लिहिलेलं नाही. कुटुंबात राहणं शक्य नसेल तर सरकारनं आधार द्यायचा, हाफवे होम (रुग्णालय आणि घर यांच्या मधला मुक्काम), गटनिवास अशी मोकळी ठिकाणं उभी करायची, हे त्याच कलम 19 मध्ये आहे.

वृद्धाश्रम नको. दिरांचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण वय काहीही असलं तरी तिथे त्यांच्या औषधाचं बघणारं कुणी नसेल, आणि एका कुलपातून दुसऱ्या कुलपात जाणं एवढंच होईल. आपल्याच राज्यात बरे झालेल्या माणसांना मनोरुग्णालयांतून भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवलं जात होतं, ते थांबवा असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2021 मध्ये महाराष्ट्राला बजावलं.

तुम्ही दोघं मिळून रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना लेखी पत्र द्या: आम्ही घरी नेऊ शकत नाही, पण संबंध तोडत नाही, पुनर्वसनगृहात किंवा गटनिवासात सोय करावी, आम्ही भेटीला येऊ, सणाला घरी आणू. हे ‘संबंध तोडत नाही’ फार महत्त्वाचं आहे. आणि तसं वागायचंही. महिन्यातला एक रविवार ह्यांनी भावाला द्यायचा, तुम्ही नाही गेलात तरी चालेल. पत्राला उत्तर आलं नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, मनोरुग्णालयात असलेल्या माणसासाठी तिथे वकील मोफत मिळतो. जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दिरांच्या वतीनं अर्जही करता येतो.

जागा कमी आहेत हे खरं आहे. 2019च्या एका राष्ट्रीय पाहणीत देशातल्या 43 सरकारी मनोरुग्णालयांतली 36 टक्क्यांहून जास्त माणसं वर्ष किंवा त्याहून अधिक काळ तिथेच असलेली आढळली. एवढ्या माणसांना पुरतील इतकी घरं आपण अजून उभी केलेली नाहीत. म्हणूनच मागत राहायला हवं. कुणी मागितलंच नाही, तर गरज नाही असंच फाइलवर दिसतं.

मी एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे. क्षेत्रकार्याच्या संस्थेत एक बाई आहेत, कित्येक वर्षांपासून. गाव विचारलं की ‘नदीच्या पल्याड’ एवढंच म्हणतात. पत्ता शोधायचा कसा?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

‘गाव कोणतं’ हा प्रश्न काही दिवस सोडून द्या. तो त्यांना इतक्यांदा विचारला गेला आहे की उत्तरही घासून गुळगुळीत झालंय. त्यांच्याबरोबर भाजी निवडा, केस विंचरून द्या आणि दुसरंच विचारा. भाकरी कशाची करायचात? बाजार कोणत्या वारी भरायचा? जत्रा कोणत्या देवाची, पालखी की गाडे? शेतात काय पिकायचं, भात, कापूस की संत्रा? माहेरी जायला एसटी कुठे बदलायची? शाळेचं नाव आठवतं का? बोलता बोलता एखादा बाजाराचा वार आणि एखादं देऊळ हाताला लागलं की तालुका निघतो. एका बाईंना गावाचं नाव येत नव्हतं, पण चैत्रातल्या जत्रेला बारा गाड्या ओढतात हे त्या रंगून सांगायच्या. तेवढ्यावरून आम्ही खानदेशात शोध सुरू केला आणि घर सापडलं.

हातावरचं गोंदण बघा, त्यात कधी नवऱ्याचं, कधी भावाचं नाव असतं. उत्तरेकडच्या बाई असतील तर ‘थाना कौन सा’ असं विचारा. बिहार-उत्तर प्रदेशात माणूस गाव, पोस्ट, थाना, जिल्हा असा पत्ता सांगतो, आणि गाव विसरलेल्यालाही थाना आठवतो. शब्द जसा ऐकू येईल तसाच वहीत लिहा, सुधारू नका, कारण तुमच्या कानाला ओळखीचं वाटणारं नाव हजार मैल दूरचं असू शकतं. आधार काढायलाही न्या. आधी कधी नोंद झाली असेल तर बोटांचे ठसे जुळतात, नवा अर्ज नाकारला जातो आणि जुन्या नोंदीवरून पत्ता निघतो. कितीतरी हरवलेली माणसं अशी सापडली आहेत.

जिल्हा कळला की गावातल्या शाळेत, पोस्टात, सरपंचाकडे फोन करा. पण त्याआधी त्यांना विचारा की घरात पहिलं कुणाशी बोलू. नवऱ्यानं दुसरं लग्न केलेलं असतं, मारहाण झालेली असते, जमिनीची भांडणं असतात. कुणी भावाचं नाव घेतं, कुणी मावशीचं, कुणी म्हणतं कुणालाच नको. आणि पत्ता मिळाला म्हणून घरच्यांना ‘या आणि घेऊन जा’ असं बोलावू नका. कर्जतच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनची माणसं बरे झालेल्यांना रेल्वेनं, एसटीनं थेट त्यांच्या दारापर्यंत सोडायला जातात, औषधं बरोबर देतात, घरच्यांना समजावून येतात. डॉ. भरत वाटवानी यांना 2018 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. जमलं तर तिथे जाऊन त्यांचं काम बघून या.

आमच्या सोसायटीतला एक फ्लॅट एका संस्थेनं पाच बायकांसाठी भाड्यानं मागितला आहे. त्या मनोरुग्णालयातून आलेल्या आहेत. सभासद घाबरले आहेत. मी सचिव आहे, काय करू?
– एक वाचक, पुणे

संस्थेच्या कार्यकर्तीला सर्वसाधारण सभेत बोलवा आणि लोकांना मोकळेपणानं विचारू द्या. त्या बायकांची केसपेपरसारखी चौकशी मात्र करू देऊ नका. आजाराची माहिती गुप्त राहणं हा त्यांचा हक्क आहे, तुमच्या सभासदांच्या बीपीची यादीही आपण सभेत वाचत नाही. मानसिक आजार असलेल्यांपैकी बहुतेकजण कधीच हिंसक नसतात, उलट मारहाण आणि फसवणूक त्यांच्याच वाट्याला जास्त येते.

ही पद्धत नवीन नाही. चेन्नईच्या द बॅनियन संस्थेनं 2015पासून ‘होम अगेन’ नावानं ती चालवली आहे आणि पुढे इतर राज्यांतही नेली. चार-पाच जणी साध्या वस्तीत, भाड्याच्या घरात राहतात, स्वयंपाक-बाजारहाट वाटून घेतात, मदतीला एक कार्यकर्ती असते. फलक नाही, पहारेकरी नाही. तुमच्याकडे एवढंच मागते: इतर भाडेकरूंना जो करारनामा, जी पोलीस नोंद, जे नियम, तेच यांना. एकही जास्त अट नको. आणि पहिल्या आठवड्यात कुणीतरी जाऊन पाणी किती वाजता येतं, कचरागाडी कधी येते, एवढं त्यांना सांगून या. चहाला बसवलं तर बसा.

मी 9 वर्षं आत होते. आता दीड वर्षापासून वर्किंग वुमन होस्टेलवर राहते, शिवणकाम करते. गोळ्या चालू आहेत. एका गारमेंट युनिटमध्ये मुलाखत आहे, मधली वर्षं कुठे होता असं विचारतील. दुसरं, वडिलांची जमीन आणि घर आहे. भाऊ म्हणतो, वेड्यांच्या दवाखान्यात राहिलेल्या बाईचा हक्क नसतो, हक्कसोडपत्रावर सही कर, मी तुला पन्नास हजार देतो. खरं काय?
– एक वाचक, अमरावती

भाऊ चुकीचं सांगतो आहे, धडधडीत चुकीचं.

मुलाखतीचं आधी. ‘माझी तब्येत बरी नव्हती, उपचार घेतले, दीड वर्षापासून शिवणकाम करते आहे’ एवढं पुरे. सगळं खरं आहे आणि यापुढे सांगायचं की नाही ते तुमच्या हातात. शिवलेले दोन-तीन नग बरोबर न्या, म्हणजे बोलणं शिलाईवर राहील. रात्रपाळी असेल का ते मात्र विचारून घ्या. झोपेच्या गोळीचं आणि रात्रपाळीचं जमत नाही, त्याबद्दल आधी डॉक्टरांशी बोला.

आता जमीन. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम 28 सांगतं की कोणताही आजार, व्यंग किंवा दोष आहे म्हणून वारसाहक्क जात नाही. 2005च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानं मुलाइतकाच हक्क दिला. दिव्यांग हक्क कायदाही मालमत्ता धारण करण्याचा, वारसा घेण्याचा आणि स्वतःचे पैशाचे व्यवहार करण्याचा समान हक्क देतो. मनोरुग्णालयात राहिल्यानं कुणी ‘अस्थिर मनाची’ ठरत नाही, तसं फक्त सक्षम न्यायालय ठरवू शकतं. आणि गंमत बघा, भावाला तुमची सही चालते आहे. सही करण्याइतक्या तुम्ही शहाण्या आहात हे त्यालाही मान्य आहे.

या आठवड्यात एवढं करा. सातबारा आणि घराचा मालमत्ता पत्रक उतारा ऑनलाइन किंवा सेतू केंद्रातून काढा, वारस नोंदीच्या फेरफारात तुमचं नाव आहे का बघा. नसेल तर वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि तुमची ओळखीची कागदपत्रं घेऊन तलाठी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हे सगळं घेऊन जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. भाऊ दाखवतो तो कागद वकिलांना वाचू द्या. वाटणी घ्यायची, घर विकून पैसे घ्यायचे की भावाला हक्क सोडायचा, हे सगळं कळल्यावर तुम्ही ठरवा. तोवर कुठल्याही कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका, पन्नास हजारांची पावती म्हणून पुढे केला तरीही.